निरोगी माणसांवर दोन औषधांची चाचणी: या चुका टाळा

नवं औषध दुसऱ्या एखाद्या औषधासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण किती चढतं किंवा उतरतं, हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासतात. निपाणी-खानापूरकडचं कुणी अशा चाचणीला निघालं असेल, किंवा कुणी इथल्यांची निवड करत असेल, तर या चुका ध्यानात ठेवा.

पहिली विडीची, निपाणी भाग तंबाखूचा. विडीच्या धुरामुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर (औषधं मोडून टाकणारं प्रथिन) वाढतं, आणि चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निकाल तेच लावतं; म्हणून या विकराच्या चाचणीत कॅफीन देऊन बघतात. गडी विडी ओढत येतो, वॉर्डात बंदी म्हणून सोडतो आणि पुढच्या काही दिवसांत विकर खाली येतं. पहिल्या फेरीत नुसतं कॅफीन, दुसऱ्या फेरीत नव्या औषधासोबत. पातळी चढलेली दिसते नि खापर नव्या औषधावर फुटतं! म्हणून विडी काही आठवडे आधीच बंद हवी. ‘ओढत नाही’ या शब्दावर विसंबू नका, लघवीतलं कोटिनिन (निकोटिनचं शरीरात जे बनतं ते) तपासा. पण चुना लावून तंबाखू खाणाऱ्याच्या लघवीतही कोटिनिन सापडतं, त्याचं विकर मात्र वाढलेलं नसतं. विकर वाढतं ते धुराने, निकोटिनने नव्हे. तेव्हा ओढतो की खातो, हे विचाराच.

विचारायचं कसं, तेही बघा.

“काही औषध चालू आहे?”
“काय नाही ओ सर.”
“पित्त झालं तर?”
“ती गुलाबी बाटली असते की घरात. ते काय औषध व्हय?”

औषधच ते. सीवायपी३ए४ हे औषधं मोडणारं आणखी एक विकर. ते रोखलं तर नव्या औषधाची पातळी किती चढते, हे बघायला चाचणीत बऱ्याचदा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध देतात. त्याची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. वरून पित्तशामक घेतलं तर इट्राकोनॅझोल नीट शोषलंच जात नाही, नव्या औषधाची पातळी जेमतेम हलते आणि कागदावर येतं, ‘सोबत घ्यायला हरकत नाही’. माझ्या मते सगळ्यांत घातक चूक हीच. कारण पुढे रुग्ण खरोखरच नवं औषध आणि इट्राकोनॅझोल सोबत घेणार. म्हणून ‘औषध’ न म्हणता पित्ताची बाटली, काढा, डोकेदुखीची गोळी असं एकेक नाव घेऊन विचारा.

गणपतीतलं पपनसही विसरू नका. ग्रेपफ्रूटसारखंच तेही आतड्यातलं सीवायपी३ए४ अडवतं.

संशोधकांची एक चूक रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाची. ते रोज काही दिवस दिलं तर विकरं वाढवतं. एकच डोस दिला तर उलट ओएटीपी१बी१ ही औषधं रक्तातून यकृतात शिरण्याची वाट अडवतं आणि रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाची रक्तातली पातळी चढते. काय तपासायचंय ते आधी ठरवा, मग डोस लिहा.