वाईत पळायला जाताय? आधी मेणवली, मग पसरणी

वाईत पळायला सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी पसरणी घाटाला भिडू नये. मी भिडलो होतो, दोन दिवस जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता.

आधी आठ-पंधरा दिवस मेणवलीचा रस्ता धरा. ढोल्या गणपतीपासून साधारण तीन किलोमीटर, जाऊन-येऊन सहा. रस्ता बऱ्यापैकी सपाट, दोन्ही बाजूंना ऊस. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मोठी पोर्तुगीज घंटा आहे, तिथपर्यंत जाऊन दम खायचा आणि परतायचं. कृष्णेच्या पायऱ्यांवर मात्र पळू नका. पावसाळ्यानंतर त्यांवर शेवाळाचा पातळ थर राहतो, तो दिसत नाही, पाय सटकल्यावरच कळतो. गाळप हंगामात रस्त्यावर अंधारात उसाच्या ट्रॉल्या येतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. म्हणून उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं पळा.

दम वाढला की पसरणी. पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर, बहुतेक सगळा चढ. शनिवार-रविवार टाळाच, पर्यटकांच्या गाड्या वळणावर जागा सोडत नाहीत. पावलं छोटी ठेवा, नजर पुढच्या वळणावर नको, दहा-पंधरा फुटांवर. आणि उतार पळायचाच नाही, गुडघे तिथेच जातात. खिशात शंभराची नोट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा टी-शर्ट ठेवा. वर चहा घ्या, एसटीने खाली या. घामेजलेल्या कपड्यांत खिडकीशी बसलात तर गारठाल.