कोलेस्टेरॉल असणे आणि ते विषाच्या हाती लागणे

नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत असताना शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी मी परफ्रिंगोलायसिन ओ हे विष निवडले. गॅस गँगरीनला कारणीभूत असलेला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू ते तयार करतो. या विषाचे तीस-चाळीस रेणू पेशीपटलावर कडे करतात आणि त्यात सुमारे २५ ते ३० नॅनोमीटर रुंदीचे छिद्र पाडतात. त्यासाठी पटलात कोलेस्टेरॉल असावे लागते, एवढेच तेव्हा मला ठाऊक होते.

म्हणून मी २० टक्के कोलेस्टेरॉल घालून लायपोसोम, म्हणजे पेशीपटलासारखे लिपिडांचे (स्निग्ध रेणूंचे) पटल असलेले सूक्ष्म कृत्रिम फुगे, बनवले, त्यांत विष मिसळले आणि सेंट्रीफ्यूजमध्ये वेगाने फिरवले. विष चिकटले असते, तर ते लायपोसोमांबरोबर तळाशी बसायला हवे होते. पण प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर विषाची निळी पट्टी दर वेळी वरच्या द्रवाच्याच लेनमध्ये दिसे. प्रथिन खराब झाले असे समजून ते पुन्हा शुद्ध करण्यात माझे दोन आठवडे गेले. अखेर मार्गदर्शक सरांनी विचारले, "मेंढीच्या रक्तपेशींवर घालून पाहिलंस का?" तेच विष घालताच गढूळ लाल नळी काही मिनिटांत पारदर्शक लाल झाली, म्हणजे रक्तपेशी फुटल्या. विष उत्तम काम करत होते. चूक माझ्या लायपोसोमांत होती.

कोलेस्टेरॉल कमी असते तेव्हा ते फॉस्फोलिपिडांच्या, म्हणजे पटलातील मुख्य लिपिडांच्या, डोक्यांच्या आडोशाला दडलेले राहते. त्याचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या पुढे गेले, की आडोसा अपुरा पडतो, त्याचा हायड्रॉक्सिल गट उघडा पडतो आणि विषाची पकड एकदम वाढते. नेमकी मर्यादा सोबतच्या लिपिडांवर ठरते. स्फिंगोमायेलिन हे लिपिड असेल तर कोलेस्टेरॉल अधिक झाकले जाते. ही ओळख विषाच्या चौथ्या विभागाच्या टोकाशी होते. तेथील ट्रिप्टोफॅनयुक्त अकरा अमिनो आम्लांचा पट्टाच कोलेस्टेरॉल ओळखतो असे दीर्घकाळ मानले जाई. पण २०१० मध्ये असे दाखवले गेले की हे काम शेजारच्या वळणातील थ्रिओनिन आणि ल्युसिन ही जोडी करते. प्रथिनाच्या एवढ्या मोठ्या साखळीत दोनच अमिनो आम्लांवर सारे अवलंबून असावे, याचे मला आजही नवल वाटते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी प्रत्येक तुकडीतील विष आधी रक्तपेशींवर तपासावे. एका नळीत विषाला आधीच मोकळे कोलेस्टेरॉल पाजून ठेवावे. त्या नळीत रक्तपेशी फुटल्या नाहीत, तर परिणाम याच विषाचा आहे याची खात्री वाढते. या विषात सिस्टीन हे सहज ऑक्सिडीकरण होणारे अमिनो आम्ल असल्यामुळे त्याला जपणारे डीटीटी हे रसायन ताजे वापरावे. आपल्याकडच्या मे महिन्यात रक्तपेशी टेबलावर राहू देऊ नयेत, कारण माझ्या विष न घातलेल्या नळीतल्या पेशीसुद्धा एकदा आपोआप फुटून दुपारपर्यंत वरचा द्रव गुलाबी झाला होता आणि तो दिवस वाया गेला.

त्यानंतर मी १० ते ५० टक्के कोलेस्टेरॉलचे लायपोसोम क्रमाने बनवले. पहिल्या दोन नमुन्यांत पट्टी वरच्या द्रवातच राहिली, तिसऱ्यात तिची फिकट सावली तळाच्या लेनमध्ये उमटली, आणि ४० टक्क्यांना जवळजवळ सगळे विष तळाशी आले होते.