चर्चचं मोठं दार बंद असलं तरी

इंग्लंडात चर्चचं समोरचं मोठं लाकडी दार आठवडाभर बहुधा बंदच दिसतं. इंग्लंडात नवे आलेले असाल आणि अडचणीत असाल, तर ते बघून परत फिरू नका. इमारतीला वळसा घाला. बाजूला किंवा मागे एक साधासा, जरा कळकटच हॉल असतो आणि त्याच्या दारावर कागद चिकटवलेला असतो: सोमवारी लहान मुलांचा गट, मंगळवारी इंग्रजी बोलायचा वर्ग, गुरुवारी फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट किराणा. इथल्या चर्चचं निम्मं काम त्या हॉलमध्ये चालतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली, आणि मी तर नगरच्या ख्रिस्ती घरातली, पाळकांच्या (पास्टरच्या) अंगणात खेळून मोठी झालेली.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पाळकसाहेब आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, दोघीतिघी न बोलावता दारात हजर. एकीच्या हातात डबा, दुसरीच्या हातात बायबल. इथे तसं होत नाही. न विचारता कुणाच्या घरी जाणं इथल्या लोकांना आगाऊपणा वाटतो. ते 'हाऊ आर यू' विचारतात, आपण 'फाइन' म्हणतो, विषय संपला. माझ्या पहिल्या हिवाळ्यात कामाच्या शिफ्ट निम्म्यावर आल्या होत्या. दर रविवारी उपासनेला जायचे, नंतरचा चहा प्यायचे, दोन बिस्किटं जास्तच घ्यायचे आणि घरी येऊन मीठ-भात खायचे. मंडळीत कुणालाही पत्ता नव्हता. कसा असणार? मी तोंडच उघडलं नव्हतं. म्हणून सांगते, इथे मदत भरपूर आहे, पण ती तुमच्या दारात चालत येणार नाही.

आता फूड बँकेचं. तिथे थेट जाऊन रांगेत उभं राहिलं की पिशवी मिळते, असं बहुतेकांना वाटतं. काही स्वतंत्र फूड बँकांत मिळतेही. पण ट्रसेल नावाच्या संस्थेच्या जाळ्यातल्या फूड बँकांना सहसा आधी व्हाउचर लागतं. ते डॉक्टरांच्या सर्जरीतून म्हणजे दवाखान्यातून, मुलांच्या शाळेतून, लहान बाळांना बघायला येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सकडून किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतून मिळतं. नुसता कोड मिळाला तरी चालतो. ही संस्था १९९७ मध्ये सॉल्सबरीच्या एका नवरा-बायकोने काढली ती बल्गेरियात सोफियाच्या रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्या मुलांसाठी. मग सॉल्सबरीतल्याच एका आईचा फोन आला, की माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत. २००० साली त्यांनी आपल्या बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये पहिली फूड बँक सुरू केली. २०२३-२४ या एका वर्षात त्यांच्या जाळ्यातून ३१ लाखांच्या वर पार्सलं गेली. यातल्या पुष्कळशा फूड बँका चर्चच्या हॉलमध्येच भरतात आणि मंडळीतली रिटायर झालेली माणसं त्या चालवतात.

मी आता गुरुवारी अशाच एका हॉलमध्ये टेबलावर बसते. आलेल्या माणसाला आधी चहा देतो, मग यादी घेऊन शेजारी बसतो. पार्सल निदान तीन दिवसांचं असतं: पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे डबे, बीन्स, सूप, टिकणारं दूध, चहा, बिस्किटं. 'मी व्हेजिटेरियन आहे' हे तिथेच सांगा, नाहीतर टूना आणि हॅमचे डबे घेऊन घरी जाल. आमचे दोन प्रश्न ऐकून नवी माणसं गोंधळतात. पहिला, घरी कॅन ओपनर आहे का? दुसरा, शेगडी आहे की नुसती केटल? एका खोलीत राहणाऱ्यांकडे कित्येकदा केटलच असते, त्यांच्यासाठी गरम पाणी ओतून होणारं वेगळं सामान बांधतो. परवा एक मराठी मुलगा खाली मान घालून बसला होता. मी 'तूरडाळ नाही रे, मसूर आहे, चालेल का?' म्हटलं, तेव्हा कुठे त्याने वर बघितलं.

व्हिसाची भीती सगळ्यांना असते. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट वगैरे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत. फूड बँक, चर्चने दिलेले पैसे, हॉलमधलं गरम जेवण हे पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. मुलांची सरकारी शाळाही त्यात मोडत नाही. बिनधास्त जा.

मात्र व्हिसाचा सल्ला पाळकांकडून घेऊ नका, मग ते कितीही देवमाणूस असोत. इथे नोंदणी किंवा परवाना नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. शहाणे पाळक स्वतःच सांगतात, की मी तुमच्यासोबत वकिलाकडे येतो, पण फॉर्म भरणार नाही. केअरच्या, म्हणजे म्हातारे-आजारी सांभाळायच्या, नोकरीवर आलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा, कारण मालकाचं स्पॉन्सर लायसन्स (परदेशातून माणसं आणायचा परवाना) गेलं तर होम ऑफिसची म्हणजे इथल्या गृहखात्याची नोटीस येते आणि दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. ते दिवस चुकीच्या माणसाच्या मागे घालवू नका.

कर्ज झालं असेल तर ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी नावाची संस्था आहे, १९९६ मध्ये ब्रॅडफर्डला सुरू झालेली. स्थानिक चर्चमधली माणसं घरी येतात आणि न उघडलेली पाकिटंसुद्धा उघडून हिशेब मांडतात. फुकट. एजंटला द्यायला गावाकडून काढलेल्या कर्जाचं ओझं इथून उतरवणं त्यांच्याही हातात नाही, पण इथल्या क्रेडिट कार्डाचं आणि थकलेल्या विजेच्या बिलाचं नक्की बघतात.

आता तुम्ही विचारणार तो प्रश्न: धर्म बदलायला सांगतात का? फूड बँकेत तुमचा धर्म कुणी विचारत नाही. कधी एखादी आजी म्हणेल, 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' नको असेल तर 'नो, थँक यू' म्हणा, तिला राग येत नाही. पण मदतीच्या बदल्यात कुणी पासपोर्ट मागितला, पगाराचा दशांश मागितला किंवा 'आमच्यात आलात तर व्हिसाचं बघतो' म्हणालं, तर तिथून उठा. अशीही माणसं भेटतात, लपवत नाही. आणि चर्चमध्ये पाऊल टाकायला मन घेत नसेल तर गुरुद्वाऱ्यात लंगर आहेच.

सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची पाटी दिसली तर ती आपली मुक्तिफौज. नगरच्या बूथ हॉस्पिटलवाली, २०२० मध्ये कोविडचे रुग्ण घेणारी. तिची सुरुवात १८६५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडात विल्यम बूथ यांनी केली आणि १८८२ मध्ये ती मुंबईत उतरली. आपल्या पंडिता रमाबाई त्यानंतर वर्षभराने उलट्या दिशेने इथे आल्या आणि वाँटेज गावच्या जोगिणींकडे, म्हणजे नन्सकडे, राहिल्या. जोगिणींचं काम पाहिलेल्या या बाईने पुढे दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या. ये-जा जुनी आहे, तुम्ही काही पहिले नाही.

रात्री झोप लागत नसेल, डोक्यात नको ते विचार येत असतील, तर ११६ १२३ फिरवा. समॅरिटन्स. १९५३ मध्ये लंडनच्या एका पाळकाने ही फोनसेवा सुरू केली. आज तिचा धर्माशी संबंध नाही. फोन फुकट, चोवीस तास.

सप्टेंबर-ऑक्टोबरात हार्व्हेस्टच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या, रविवारी एकदा चर्चमध्ये डोकावून बघा. आमच्या गावी उपकारस्तुतीच्या उपासनेला ज्वारीची पोती आणि कोंबड्या यायच्या, मग लिलाव व्हायचा, आणि एका कोंबडीवरून दोन काकांत बोली चढत जायची. इथे वेदीपुढे बेक्ड बीन्सच्या डब्यांची रास लागते. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. तेच डबे पुढे गुरुवारच्या टेबलावर येतात.

पहिल्यांदा जाताना दोन मजबूत पिशव्या सोबत न्या. पार्सल दिसतं त्यापेक्षा जड असतं, आणि आमच्याकडच्या पिशव्या दुपारी अडीचपर्यंत संपतात.