खडीवर सावकाश वळताना जड गाडी आडवी का होते? या चुका टाळा

हिमाचलातल्या स्पितीत लोसर गावाकडून कुंझुम खिंडीवर चढून आले की माथ्यावर कुंझुम मातेचे मंदिर आणि छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, लागतात. ४,५५१ मीटर उंचीवरच्या या जागी येणारी वाहने मंदिराला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात आणि दुचाकीवाल्यासाठी ती प्रदक्षिणा म्हणजे सुट्या खडीवर, चालण्याच्या वेगाने, सतत उजवीकडे वळत राहणे असते. दिवसभर नाले आणि दगडधोंडे ओलांडून तेथवर सुखरूप पोहोचलेली माझी रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ याच वळणावर बंद पडली आणि उजव्या कुशीवर आडवी झाली. बरोबरच्या मंडळींनी खडीला दोष दिला. गाडी उचलल्यावर मी खडीतला मागच्या चाकाचा माग पाहिला, तेव्हा तो शेवटपर्यंत स्वच्छ आणि सलग होता. घसरल्याची आडवी रेघ त्यात कुठेच नव्हती. गाडी घसरून पडली नव्हती, ती इंजिनाची ओढ तुटल्यामुळे पडली होती.

सावकाश वळणावर पडलेल्या बहुतेक जड गाड्यांची गोष्ट हीच असते असे माझे मत आहे. वळताना गाडी आतल्या बाजूला कललेली असते आणि पुढे जाण्याच्या गतीमुळे मिळणारा बाहेरचा जोर तिला तोलून धरतो. गती अचानक गेली की तो जोर नाहीसा होतो, वजन मात्र आतल्या बाजूलाच राहते आणि गाडी सरळ त्या बाजूला कोसळते. खडीचा वाटा एवढाच की ती चालवणाऱ्याच्या मनात भीती घालते, आणि त्या भीतीपोटी तो नेमक्या त्या गोष्टी करतो ज्यांनी ओढ तुटते.

क्लच पूर्ण दाबणे

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे. वळण जवळ आले, खडी दिसली, की हात आपोआप क्लच आवळतो आणि गाडी नुसती घरंगळत वळणात शिरते. त्याऐवजी पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, रेस किंचित आणि स्थिर ठेवून, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब देत वळावे. इंजिन ओढते आहे आणि ब्रेक त्याला हळुवार अडवतो आहे, अशा ताणात गाडी दोरीवर धरल्यासारखी स्थिर राहते आणि वेग रेसने नव्हे, तर ब्रेकने कमीजास्त करता येतो. क्लच जळेल ही भीती अनेकांना वाटते, परंतु आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि एका वळणापुरते हाफ क्लच त्याला सहज सोसते.

उंचीवर याची गरज आणखी वाढते. कुंझुमच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांपेक्षाही कमी भरते, त्यामुळे इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते, आणि पुण्यात ज्या रेसवर गाडी आरामात वळते त्याच रेसवर ती तेथे बंद पडते. खिंडीत वळताना आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवावा.

हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक

हँडल वळवलेल्या स्थितीत पुढचा ब्रेक ओढला की पुढचे शॉकअब्सॉर्बर खाली बसतात, चाक खडीत रुतते आणि हँडल आणखी आत मुडपते. चालण्याच्या वेगाला एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मदतीला येत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. वळणात शिरण्यापूर्वीच दोन्ही ब्रेकने वेग उतरवावा आणि हँडल वळले की उजव्या हाताची बोटे पुढच्या ब्रेकवरून काढून घ्यावीत. बोटे लिव्हरवर असली की घाबरल्या क्षणी ती आवळली जातातच.

उजवे वळण वेगळे असते

याविषयी फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. उजवीकडे पूर्ण हँडल वळवले की डावा हात ताणून पुढे जातो, क्लचवरची बोटे नकळत ओढली जातात आणि ओढ सुटते. त्याच वेळी उजवे मनगट पोटाजवळ येऊन दुमडते आणि रेस मिटते. शिवाय गाडी आत कलू लागली की आधारासाठी जो उजवा पाय जमिनीकडे जातो, तोच पाय मागच्या ब्रेकवर असायला हवा असतो. कुंझुमला माझ्या बाबतीत हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ घडले. यावर उपाय असा, की वळण्याआधी सीटवर थोडे पुढे सरकून बसावे, दोन्ही कोपर सैल ठेवावेत आणि क्लच चारऐवजी दोन बोटांनी धरावा, म्हणजे हात ताणला तरी बोटांचा अंदाज चुकत नाही. डाव्या वळणात उजवा पाय ब्रेकवरच राहतो, म्हणून जेथे यू-टर्नची बाजू निवडता येते तेथे सुरुवातीला डावीकडूनच वळावे.

नजर आणि अंग

पुढच्या चाकासमोरच्या खडीकडे पाहत वळले की गाडी त्या खडीकडेच जाते आणि वळण तुटक होते. हनुवटी फिरवून, वळण जेथे संपणार आहे तेथे पाहावे. अंग मात्र गाडीबरोबर आत झुकवू नये. सावकाश वळणात गाडी आत आणि अंग बाहेर, बाहेरच्या फुटरेस्टवर वजन, असा तोल ठेवावा लागतो. वेगातल्या वळणाची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते आणि सरावाशिवाय जमत नाही.

खडी-खडीतही फरक असतो. फोडलेली कोनदार खडी जाड थरात असेल तर दाबाखाली एकमेकींत अडकते आणि चाकाला पकड देते. नाल्यातले गोल गोटे खेळायच्या गोट्यांसारखेच गडगडतात. सर्वांत फसवी म्हणजे कडक डांबरावर पसरलेली बारीक कच, जी आपल्या घाटांत डागडुजीनंतर वळणाच्या बाहेरच्या कडेला साचलेली असते. तिच्यावरून जावेच लागले तर वळण आधी घ्यावे आणि कचेवरून गाडी सरळ, उभी न्यावी.

सामान आणि जमीन

तंबू, साखळी, पाण्याचे कॅन असे जड सामान वर टॉप बॉक्समध्ये ठेवले की तेच वजन पडताना दुप्पट वाटते. जड वस्तू पॅनिअरच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पेटाऱ्यांच्या, तळाशी, शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात. थांबण्याची जागाही आधी हेरावी, कारण उतारावर आडवे वळताना खालच्या बाजूचा पाय हवेत राहतो आणि ८०० मिलिमीटर उंच सीटवरून मध्यम उंचीच्या माणसाला तेथे जमीन सापडत नाही.

पडणारी गाडी धरून ठेवणे

गाडी जराशी कलली असताना सावरता येते, पुढे नाही. सामानासह सव्वादोनशे किलो वजनाची गाडी १० अंश कलली असेल तर हँडलपाशी ती धरायला ढोबळमानाने वीस किलोंचा जोर लागतो, आणि ३० अंशांवर तोच जोर साठ किलोंच्या आसपास जातो. या फरकात गुडघे आणि कंबर जायबंदी होतात. गाडी हातातून जाते आहे हे कळताच हँडल सोडून बाजूला व्हावे. धातूचे पॅनिअर असतील तर पाय मागे टेकू नये, घोटा पेटाऱ्याखाली सापडून मोडू शकतो.

उचलताना

आधी किल स्विचने, म्हणजे हँडलवरच्या इंजिन बंद करण्याच्या बटणाने, इंजिन बंद करावे आणि पेट्रोल गळते आहे का ते पाहावे. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्यापूर्वी डावीकडचा साइड स्टँड उघडून ठेवावा, म्हणजे ती पलीकडे जाऊन पडणार नाही. जमल्यास पहिला गिअर टाकावा, त्यामुळे चाके पळत नाहीत. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, नितंब सीटला टेकवून बसावे, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकडपट्टी धरून लहान लहान पावलांनी मागे सरकत उठावे. कंबर वाकवून पुढून उचलू नये. चाके उताराच्या वरच्या बाजूला असतील तर आधी गाडी क्रॅश गार्डवर फिरवून चाके खाली आणावीत, मगच हात घालावा. हिमालयन ४११ चा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तो तापलेला असतो, तेवढे जपावे. उंचीवर एका प्रयत्नानंतर बसून श्वास जागेवर येऊ द्यावा.

गाडी उभी राहिली की लगेच स्टार्टर दाबू नये. काही मिनिटे थांबून तेल खाली उतरू द्यावे. फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत पडल्यावर सेन्सर इंजिन बंद करतो, तेव्हा चावी बंद करून पुन्हा चालू करावी लागते. ब्रेकचे लिव्हर, मागच्या ब्रेकचे पेडल आणि हँडलची सरळ रेषा तपासावी. माझे पेडल आत वाकून इंजिनाला टेकले होते आणि ते पान्ह्याने बाहेर ओढल्याशिवाय खिंडीपलीकडचा बातलचा उतार उतरणे धोक्याचे ठरले असते. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट फार आवळून ठेवू नयेत, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी दांड्यावर फिरतो. तरीही क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर सामानात असावा.

सरावासाठी स्पिती लागत नाही. लायसन्सच्या परीक्षेत काढलेला आठचा आकडा मुरमाच्या मैदानावर, दोन रिकाम्या बाटल्यांभोवती, पॅनिअर बांधून काढावा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि ज्या बाजूला क्लच सारखा दाबला जातो ती बाजू दुप्पट वेळा.