कोल्हापुरी मंडईतून सजणारा चीज बोर्ड

चीज बोर्ड, म्हणजे पाटावर चीज, फळं, क्रॅकर्स मांडून पाहुण्यांपुढे ठेवायचं, असं म्हटलं की लोक आधी महागडं चीज शोधायला लागतात. पण बोर्ड उठून दिसतो तो चीजमुळे नाहीच, बघा ना, चेडर घ्या, गौडा घ्या, ब्री घ्या, सगळे आपले पांढरट नाहीतर पिवळसर, म्हणजे रंग आणायचा तो आजूबाजूच्या जिन्नसांनी, आणि त्या बाबतीत कोल्हापुरात काय कमी आहे ओ.

चीज तीनच प्रकारचं घ्या पण एकमेकांपासून वेगळं, कडक चेडर, मधला गौडा आणि मऊ ब्री. चौथं हवंच असेल तर ब्लू चीज, म्हणजे निळ्या बुरशीचं, त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही म्हणून एका कोपऱ्यात ठेवा आणि सुरी वेगळी द्या. पाहुण्यांत शाकाहारी कोणी असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या, कारण इटलीचं अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थानं, बनवतात आणि हे ऐनवेळी कळलं की पंचाईत.

मागून तांबडा-पांढरा आणि मटण असेल तर माणशी ४०-५० ग्रॅम चीज बास झालं, ८ जणांना ४०० ग्रॅम. नुसत्या गप्पाच असतील तर माणशी १०० ग्रॅमपर्यंत धरा.

आता बोर्ड. लाकडी चॉपिंग बोर्ड नसेल तर मोठा पोळपाट चालतो, स्वच्छ आणि पूर्ण कोरडा. घरात पितळी तबक असेल तर लईच भारी, फक्त त्यावर आंबट फळं न चीज थेट ठेवू नका, केळीचं पान कोरडं पुसून अंथरा. गडद हिरव्यावर पांढरं चीज असं काही खुलतं की बाकी सजावट निम्मी झाली तरी चालेल.

कापताना तिन्हीला एकच आकार देऊ नका, सगळे चौकोनी तुकडे केले की बोर्ड वाढदिवसाच्या प्लेटसारखा दिसतो. गौडाचं वरचं मेण काढून पातळ त्रिकोण कापा. चेडर कापायचंच नाही, सुरीचं टोक घालून ओबडधोबड ढेपळं फोडा. ब्री अख्खंच ठेवा, फक्त एक फोड कापून जरा बाहेर ओढा म्हणजे आतला मऊपणा दिसतो आणि पहिला हात घालायला कोणी लाजत नाही, पांढरी साल खातात हेही सांगून टाका. मऊ चीज फ्रीजमधून काढल्या काढल्या कापायचं, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची.

मांडायचा क्रम महत्त्वाचा. आधी दोन-तीन छोट्या वाट्या ठेवा, मग चीज लांब लांब, मग क्रॅकर्स एकावर एक कलते लावत वळणदार ओळीत, मग फळं, आणि शेवटी उरलेल्या फटी काजू-बेदाण्यांनी बुजवा. बोर्डचं लाकूड दिसता कामा नये, मोकळी जागा राहिली की अर्धवट वाटतं.

वाट्यांत एकात मध, एकात ठेचा. हो ठेचाच, चेडरबरोबर खाऊन बघा, नाद खुळा. आणि गूळ हवाच, २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ, पण इथं पिवळाधमक घेऊ नका, तो गौडाशेजारी हरवतो, काळसर सेंद्रिय गुळाचे खडे घ्या, ब्लू चीजबरोबर तर फार जमतात. काजू आजरा-चंदगडचे, बेदाणे सांगलीचे. काळी द्राक्षं सीझनला कपिलतीर्थ मंडईतून आणा, घड कात्रीनं छोटे करा. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दोन भाग करून लाल बाजू वर. पावसाळ्यात डाळिंबाचे दाणे आणि सफरचंद, सफरचंदाच्या फोडींना लिंबूपाणी लावा नाहीतर काळ्या पडतात. भडंग मात्र बोर्डवर नको, तेल पसरतं न सगळं विस्कटतं.

क्रॅकर्सच्या ऐवजी सोलापुरी कडक भाकरी मोडून उभी लावली तर उंची येते, फोटोत तीच आधी दिसते. पावसात क्रॅकर्स सादळतात, म्हणून पाहुणे दारात आले की मगच डबा उघडा.

चीज थंडगार खाल्लं तर चव लागतच नाही, तासभर आधी बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये मात्र अर्धा तास पुरे, नाहीतर ब्री वाहायला लागतं. एरवी मांडल्यावर दोन तासांच्या वर बाहेर नको आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच उचला. उरलेलं प्लॅस्टिकमध्ये नको, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात घाला, दुसऱ्या दिवशी चेडरचा चुरा ऑम्लेटवर घालता येतो.