बालपणीच्या घरावरची कथा कुठे फसते? या चुका टाळा

इंदूरच्या जुन्या वाड्यावर कथा लिहायला बसलं की चौक, तुळशीवृंदावन, झोपाळा, आजीचे लाडू ही यादी आपोआप उतरते. घर डोळ्यांसमोर उभं राहतं, पण पात्राचं त्या घराशी कुठे बिनसलं आहे याचा पत्ता लागत नाही. मग लेखक घाईघाईनं लिहून टाकतो, ‘त्या घराबद्दल तिच्या मनात मायाही होती आणि रागही.’ गुंता असा एका वाक्यात सांगितला की पुढच्या पानांना कामच उरत नाही.

यावर उपाय म्हणजे यादीतल्या बाकी सगळ्या वस्तू काढा आणि अशी एकच ठेवा, जिला माया आणि राग दोन्ही चिकटले आहेत. समजा, मल्हारगंजातल्या वाड्यात माडीवर जाणारा अंधारा लाकडी जिना आहे. घरात एकांताची दुसरी जागा नाही, म्हणून मुलगी तिथं बसून अभ्यास करायची. आणि पाहुणे आले की तिला तिथंच पिटाळलं जायचं. आता घर विकायला काढलंय. जुनं लाकूड घेणारा जिन्याच्या सागवानाचा भाव करतो आणि ती बोलून जाते, ‘वाळवी लागलीय त्याला.’ लागलेली नसते. तिच्या मनात काय चाललंय हे लेखकानं इथं सांगू नये. त्या खोट्यानंतर लगेच परिच्छेद संपवावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र कागदांची. घर कोणाच्या नावावर आहे, हे ठरवल्याशिवाय ‘हे घर माझं की नाही’ हा प्रश्न हवेतच राहतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, मृत्युपत्र न करता वडील गेले आणि कुटुंब त्याच घरात राहत असलं, तर मुलीला हिस्सा असूनही भाऊ वाटणी करायला तयार होईपर्यंत वाटणी मागता येत नव्हती. अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली मुलगी तिथं राहू शकायची. नांदत्या मुलीला तोही हक्क नव्हता. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून गेलं. म्हणजे १९९० मध्ये घडणारी कथा आणि २०१५ मध्ये घडणारी कथा यांत बहिणीच्या हातातले पत्ते वेगळे आहेत. हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहीण आपला हिस्सा लेखी सोडून देते तो प्रसंग घालणार असाल तर रजिस्ट्रार ऑफिसातली नोंदणी दाखवा. घरातल्या घरात साध्या कागदावर सही घेऊन काम भागत नाही, आणि त्या ऑफिसातली ताटकळ भावा-बहिणीला शेजारी बसवते. लेखकाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

काळाचं गणितही तपासा. होळकरांचा राजवाडा १९८४ मध्ये जळला. १९७४ च्या सुमारास जन्मलेलं, जवळच्या गल्लीतलं पात्र ते विसरू शकत नाही. वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये असतील तर मिल १९९१ मध्ये बंद पडल्यावर घरातला पैसा आणि वडिलांचा आवाज, दोन्ही बदलायला हवेत. परत आलेल्या नायकाला घर जसंच्या तसं सापडणं तर टाळाच. रस्ता रुंदीकरणात ओटला (दारापुढचा ओटा) आणि पुढची खोली गेलेलं, दर्शनी भिंत नव्या विटांची असलेलं घर त्याला ओळखायला लावा.

भाषेत बरेच जण पुण्याची मराठी सगळ्यांच्या तोंडी घालतात. इंदूरच्या घरात आई ‘काय करून राहिलीस?’ विचारते, मुलगा हिंदीत उत्तर देतो, आणि ओटल्यावर ‘भिया’ (इंदुरी ‘भैया’) सुरू होतं. पुण्यात नोकरीला गेलेल्याची मराठी तिथं हिंदी वाटते आणि सुट्टीत घरी आला की इथली भावंडं त्याला पुणेकर म्हणतात. दोन्हीकडे परका ठरण्याची ही गोष्ट संवादांतूनच येऊ द्या. त्यावर वेगळं भाष्य नको.

शेवट घर पाडून किंवा सगळ्यांना गळ्यात गळे घालायला लावून करू नका. दोन्हींत पात्राला काही ठरवावं लागत नाही. शेवटच्या प्रसंगात एक व्यवहार ठेवा: सही करायची की नाही, किल्ली कोणाकडे, देवघरातले टाक कोण नेणार. पात्रानं निर्णय घेतला की त्याची किंमत कोण मोजतं तेही त्याच पानावर दिसू द्या.