कॅम्पर व्हॅनमधला पाण्याचा पंप स्वतः कसा बदलावा

नळ सोडला की सीटखालून पंपाची घरघर ऐकू येते, पण पाण्याचा पत्ता नाही. अशा वेळी लगेच नवा पंप मागवू नका. मी मागवला होता. जुना काढून नवा बसवला, तर तोही पाणी उचलेना. दोष पंपात नव्हताच, पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बसवलेल्या गाळणीच्या पारदर्शक झाकणाला केसाएवढा तडा गेला होता आणि तिथून पंप हवा ओढत होता. विहिरीवरची मोटार फूटव्हॉल्व्ह गळला की जशी नुसती फिरत राहते, तसाच हा प्रकार.

म्हणून आधी तपासणी. टाकीत पाणी आहे ना, गाळणीत कचरा अडकलाय का आणि टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे जोड घट्ट आहेत का, ते बघा. पंप अजिबातच फिरत नसेल तर फ्यूज बघा. तो शाबूत असेल तर नळ उघडा ठेवून पंपाच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. तिथे १२ व्होल्टच्या आसपास वीज पोहोचत असूनही मोटार गप्प असेल, तर बिघाड पंपात किंवा त्याच्या प्रेशर स्विचमध्ये (पाइपातल्या दाबानुसार पंप चालू-बंद करणारा स्विच) आहे. सगळे नळ बंद असताना पंप दर काही मिनिटांनी दचकल्यासारखा सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपातला पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गेला आहे. पंपाच्या डोक्यातूनच, म्हणजे ज्या भागातून पाणी जातं तिथूनच, पाणी झिरपत असेल तर मात्र बदलायची वेळ आली असं समजा.

नवा पंप घेताना जुन्याच्या पट्टीवरचे आकडे जुळवा: व्होल्ट, अँपिअर, दाब आणि मिनिटाला किती लिटर. छोट्या व्हॅनला मिनिटाला ११ लिटरचा डायफ्राम पंप (लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा) पुरतो. जास्त दाबाचा पंप चांगला, असं समजू नका. जुने जोड आणि गिझर तो दाब सोसतीलच असं नाही.

आता काम. पंपाचं बटण बंद करा, फ्यूज काढा आणि नळ उघडून पाइपातला दाब सोडा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह नसेल तर टाकी रिकामी करावी लागेल, नाहीतर पाइप काढताच पाणी थेट फळीवर येईल. खाली उथळ ताट आणि जुनं फडकं ठेवा. काहीही सोडण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा, वायरी आणि पाइप दोन्ही दिसतील असे.

वायरी सोडा, दोन्ही बाजूंचे पाइप काढा, मग स्क्रू. नवा पंप ठेवताना अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनेच हवा. उभा बसवणार असाल तर डोकं खाली आणि मोटार वर ठेवा, म्हणजे पुढेमागे गळती झाली तरी पाणी मोटारीत उतरणार नाही. रबरी पायांचे स्क्रू पिळून घट्ट करू नका. रबर दबलं की ते हादरा झेलत नाही आणि रात्री अख्खी गाडी गुणगुणते. पंपाच्या दोन्ही बाजूंना हातभर लवचीक पाइप ठेवला तर आवाज आणखी कमी होतो.

पंपाचे आटे प्लॅस्टिकचे असतात. रबरी वॉशरची फिटिंग हातानेच घट्ट करायची, तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही. गाळणी टाकीच्या बाजूलाच हवी. तिच्याशिवाय पंप चालवू नका, टाकी बसवताना आत राहिलेला प्लॅस्टिकचा एखादा कीसही व्हॉल्व्ह अडवतो. वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी लावू नका, पक्के दाबून बसवलेले कनेक्टर वापरा.

टाकी भरा, फ्यूज लावा, आधी गार पाण्याचा नळ उघडा. नळ फसफसेल, हवा जाईल आणि मग धार एकसंध होईल. नंतर गरम पाण्याचा. त्यातून सलग पाणी येईपर्यंत गिझर लावू नका. नळ बंद केल्यावर पंप काही सेकंदांत थांबायला हवा.

प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून रात्र जाऊ द्या. एक थेंब पडला तरी सकाळी डाग दिसतो. आणि थंडीत लडाख-स्पितीकडे निघाला असाल, तर मुक्कामाआधी पंपातलं पाणी काढून टाका. गोठलेलं पाणी फुगतं आणि पंपाचं डोकं तडकतं.